हिरवी धार

आधी बसा.

ओट्यावर बसा, खुर्चीत बसा, कुठेही बसा. पाठ ताठ असली तर बरं. नसली तरी चालेल.

एक श्वास आत घ्या. हळूच सोडा.

आता डोळ्यांसमोर एक गॅरेज आणा. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला जाणारा रस्ता तुमच्या ओळखीचा असेल. त्या रस्त्याच्या कडेला असतं तसं एक गॅरेज. पत्र्याचं शेड. समोर कडुलिंब. एका बाजूला जुन्या टायरांची चळत.

नुकतं उजाडतंय. हवेत गारवा आहे. एक एसटी जाते. तिचा आवाज वळणापर्यंत ऐकू येतो, मग विरतो.

शेडमध्ये एक जीप उभी आहे. रात्रभर उभी आहे. आज तिचं जुनं कूलंट काढायचं आहे.

तिच्याजवळ जाऊ या. घाई नाही.

•

बॉनेटवर तळहात ठेवा.

पत्रा गार आहे. नीट जाणवू द्या.

काल दुपारी याच पत्र्याला हात लागत नव्हता. आत कूलंट तापलेलं होतं, आणि रेडिएटरच्या झाकणाने ते दाबात धरून ठेवलं होतं. दाबात असतं तेव्हा ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. गप्प राहतं. झाकण थोडं फिरवलं की तो दाब सुटतो, आणि वाफेसकट उकळतं पाणी तोंडावर येतं.

म्हणून रात्र जाऊ द्यायची. इंजिनाला त्याच्या गतीनं निवू द्यायचं.

या कामातली पहिली गोष्ट म्हणजे वाट पाहणं. ती काल रात्रीच सुरू झाली आहे.

हात अजून पत्र्यावरच आहे. एक श्वास घ्या. गार पत्रा, कोमट हात.

आता झाकणावर जाड फडकं ठेवा. हळूहळू फिरवा. थोडं फिरवून थांबा. ऐका.

फुस्स झालं नाही. काहीच झालं नाही.

झाकण काढून बाजूला ठेवा.

•

खाली वाका. जमिनीवर गुडघा टेकवा.

रेडिएटरच्या बुडाशी एक छोटा नळ आहे. त्याच्या बरोबर खाली रुंद ट्रे सरकवा. ट्रे कोरडा आहे ना, पहा. त्यात कालचं इंजिन ऑइल नको, डिझेल नको. ज्यात काही मिसळलेलं नाही असं जुनं कूलंट पुन्हा कामाला येऊ शकतं. त्यात ऑइल पडलं, तर ते शुद्ध करणं फार अवघड होऊन बसतं.

हातात रबरी मोजे आहेत. नळ सैल करा.

आधी एक थेंब येतो.

मग दुसरा.

मग धार लागते. बारीक, सलग, हिरवी.

तिच्याकडे पहा. आज आपल्याला एवढंच करायचं आहे. ही धार पाहायची आहे, आणि ती कुठं जाते तिकडं लक्ष ठेवायचं आहे.

ट्रेच्या तळावर ती पडते तेव्हा आवाज होतो. पत्र्यावर पडणारा आवाज. थोड्या वेळानं तोच आवाज बदलतो, मऊ होतो, कारण आता धार स्वतःच्याच पाण्यात पडते आहे.

ऐका.

मन इकडंतिकडं गेलं तर जाऊ द्या. परत धारेपाशी या.

•

हे पाणी कुठून येतंय?

दोन-तीन वर्षं ते या इंजिनात फिरत होतं. इंजिनाच्या भिंतींमधल्या पोकळ वाटांनी जायचं, उष्णता उचलायची, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत येऊन ती वाऱ्याला द्यायची, आणि पुन्हा आत जायचं. एका मिनिटात कितीदा तरी.

थंड देशांत इंजिनातलं पाणी गोठू नये म्हणून कूलंट घालतात. अर्धं पाणी आणि अर्धं इथिलीन ग्लायकॉल एकत्र केलं, तर ते उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. आपल्याकडं तेवढी थंडी कधीच पडत नाही. नांदेड-लातूरच्या पौषात शेकोटी पेटते, पण नळातल्या पाण्याचा बर्फ होत नाही.

आपल्याकडं ते उन्हासाठी आहे.

वैशाखातली दुपार आठवा. पारा ४२ च्या पुढे आहे. उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत चढ चढतो आहे. रस्त्यावरचं डांबर पाघळलं आहे. अशा वेळी साधं पाणी १०० अंशांना उकळलं असतं. हे मिश्रण उघड्यावर १०६ अंशांच्या पुढे उकळतं, आणि झाकणाच्या दाबात त्याहून वर. शिवाय ते लोखंडाला गंज चढू देत नाही, ॲल्युमिनियम खाऊ देत नाही.

गाडी तापली नाही, कारण हे आत फिरत होतं.

एक श्वास घ्या, आणि मनात त्या पाण्याला म्हणा: तू तुझं काम केलंस.

धार अजून पडते आहे.

•

आता ट्रेमध्ये डोकवा.

वरून ते स्वच्छ दिसतं. हिरवं, चकचकीत. पत्र्याच्या फटीतून आलेलं ऊन त्यात उतरलं आहे.

थोडं थांबा. डोळे तळाशी जाऊ द्या.

तिथं काहीतरी बसतंय. तपकिरी, बारीक. बोटानं हलवू नका, फक्त पहा. तो गंज आहे. दिसत नाही ते आणखी आहे: रेडिएटरच्या नळ्यांचं तांबं, जस्त, जुन्या गाडीच्या रेडिएटरला डाग दिलेला असेल तर त्यातलं शिसं. गाडीतून जे जे सुटलं, ते या पाण्यानं आपल्यात घेतलं आहे. भरताना ते जसं होतं, तसं ते आज नाही.

आणि हा हिरवा रंग? तो वरून घातलेला आहे. काही कंपन्या लाल घालतात, काही निळा. गळती कुठून होते ते दिसावं, आणि पाणी समजून कुणी हात लावू नये, म्हणून. रंग काढून घेतला तर मागं राहतं ते पाण्याइतकंच नितळ असतं. जवळजवळ बिनवासाचं.

आणि गोड.

या शब्दापाशी थांबा.

गोड.

•

मोकळी प्लॅस्टिकची बाटली डोळ्यांसमोर आणा. पाण्याचीच बाटली, एक लिटरची. उरलेलं कूलंट त्यात ओतलं आहे. बाटली कोपऱ्यात ठेवली आहे, टोपण सैल.

ऊन चढलंय. शाळेतून आलेलं एक पोर शेडमध्ये शिरतं. तहानेनं जीव कासावीस झालाय. बाटलीतलं ते हिरवं त्याला रसवंतीतल्या उसाच्या रसासारखं दिसतं.

इथंच थांबवू या हे चित्र. पोराचा हात बाटलीपर्यंत जाऊ देऊ नका.

श्वास घ्या.

तुम्ही उठता. बाटली उचलता. हे मनातल्या मनात खरंच करून पहा. बाटलीचं वजन हाताला जाणवू द्या.

म्हणून कूलंट पाण्याच्या बाटलीत कधीच ठेवायचं नाही. थंड पेयाच्या बाटलीत नाही, तांब्यात नाही, स्वयंपाकघरातल्या कुठल्याच भांड्यात नाही.

•

आता जरा खाली पहा. जीपच्या चाकापाशी.

गॅरेजवरचं कुत्रं तिथं अंग मुडपून झोपलं आहे. गाडीच्या सावलीत झोपायची त्याची सवय. त्याच्या पोटाचं वर-खाली होणं पहा. त्याच्या श्वासाबरोबर तुमचा एक श्वास होऊ द्या.

दुपारी त्याला तहान लागेल. जमिनीवर जे ओलं दिसेल ते ते चाटेल. चव गोड लागली तर आणखी चाटेल.

मांजराला यातलं फार थोडं पुरतं. तीन किलोच्या मांजराच्या पोटात चमचाभर शुद्ध ग्लायकॉल गेलं तरी त्याचा जीव जाऊ शकतो. कुत्र्याला थोडं जास्त लागतं. मोठ्या माणसाला साधारण १०० मिलिलिटर. पोराला त्याहून पुष्कळ कमी.

आकडे ऐकून मन दचकलं असेल. दचकू द्या. मग पुन्हा श्वासाकडं या.

शरीरात काय होतं तेही शांतपणे पाहू या, कारण ते माहीत असलं तर एखादा जीव वाचतो.

पहिल्या काही तासांत माणूस दारू प्यायल्यासारखा दिसतो. पाय अडखळतात, बोलणं जड होतं, उलटी होते. मग मध्येच तो जरा सावरल्यासारखा वाटतो. घरचे म्हणतात, उतरलं.

उतरलेलं नसतं. आत यकृत त्या गोड पाण्याचं आम्ल करत असतं. रक्त आंबट होत जातं. शेवटी जे ऑक्झॅलिक आम्ल तयार होतं ते शरीरातल्या कॅल्शियमला धरतं, आणि त्याचे अतिबारीक स्फटिक मूत्रपिंडात साचू लागतात. एक-दोन दिवसांनी लघवी कमी होते, मग थांबते.

पहिल्या काही तासांत दवाखाना गाठला तर यावर उतारा आहे. डॉक्टर यकृताचं ते काम औषधानं थोपवतात, लागलं तर डायलिसिस करतात. त्यासाठी लक्षणांची वाट पाहायची नाही. प्यायल्याचं कळलं की १०८ ला फोन करायचा. नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय रुग्णालय आहे, लातूरलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. जाताना कॅन किंवा बाटली बरोबर न्यायची, म्हणजे काय पोटात गेलं ते डॉक्टरांना लगेच कळतं. घरी उलटी काढायला बसायचं नाही.

हे एकदा मनात म्हणा. फोन. बाटली बरोबर. वाट पाहायची नाही.

•

या ग्लायकॉलचं एक जवळचं भावंड आहे, डायइथिलीन ग्लायकॉल. तेही गोड, तेही नितळ.

१९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. उपचारासाठी दिलेल्या ग्लिसरीनमध्ये ते मिसळलेलं होतं. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगानं पुढं त्याची चौकशी केली.

त्या १४ जणांसाठी थोडा वेळ गप्प बसू या.

आजारी माणूस तोंड उघडतो, कारण देणाऱ्यावर त्याचा विश्वास असतो. बाटलीतलं औषध त्याला दिसत नाही. आपण पितो त्या पाण्यातलं सगळंही आपल्याला दिसत नसतं.

श्वास आत.

श्वास बाहेर.

•

परत धारेपाशी या.

ती आता बारीक झाली आहे. ट्रे अर्धाअधिक भरला आहे. छोट्या कारमधून काही लिटर निघतं, ट्रकमधून वीस-पंचवीस किंवा जास्तच.

गॅरेजच्या मागं मोकळी जागा आहे. काळी जमीन, थोडं गवत, पलीकडं नाली. ट्रे उचलून तिथं रिकामा करायला अर्धं मिनिट लागेल. कितीतरी ठिकाणी रोज असं होतं.

आपण ओतणार नाही. पण ओतलं असतं तर धार पुढं कुठं गेली असती, तिच्या मागून जाऊन पाहू या. डोळे मिटले तरी चालेल.

काळ्या मातीवर उभे रहा.

उन्हाळ्यात ही माती भेगाळते. भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जातो. पाऊस लागला की ती फुगते आणि भेगा मिटतात. पण आता उन्हाळा आहे. भेगा उघड्या आहेत.

हिरवं पाणी भेगेत शिरतं. वर थोडा ओला डाग राहतो, तो तासाभरात वाळतो. वाटतं, गेलं.

ते खाली गेलेलं असतं.

त्याच्याबरोबर खाली उतरा. हळू.

माती संपते. मुरूम लागतो. मुरमाखाली काळा पाषाण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून झालेला आपला हा दगड. तो अंगानं पाणी धरत नाही. त्याच्या चिरांमधून, फटींमधून, झिजलेल्या थरांमधून पाणी वाहतं. वाळूतून जाताना पाणी जितकं गाळलं जातं, तितकं या फटींत गाळलं जात नाही.

याच फटींना आपली बोअर लागलेली असते.

तिथं, त्या अंधारात, जरा थांबा. गार ओल जाणवू द्या. वर कुठंतरी मोटार सुरू होते. फटीतलं पाणी तिच्याकडं ओढलं जातं.

ऑइल पाण्यावर तरंगतं, त्याचा तवंग दिसतो. हे तरंगत नाही. पाण्यात पूर्ण विरघळतं. आडात डोकावून कुणाला काही कळत नाही.

मातीतले आणि पाण्यातले सूक्ष्म जीव ग्लायकॉल खातात. काही दिवसांत, काही आठवड्यांत ते संपवतात. निसर्ग त्याचं काम करतो. पण खाताना ते पाण्यातला प्राणवायू वापरतात. डबक्यात, ओढ्यात हे जास्त पडलं तर मासे गुदमरतात. आणि शिसं, तांबं तर कुणीच खात नाही. ते तसंच राहतं.

श्वास घ्या. वर या. डोळे उघडा.

ट्रे अजून आपल्याच हाताशी आहे.

•

आता नालीच्या वाटेनं जाऊ या. तीही एक वाट आहे.

नांदेडचा उतार गोदावरीकडं आहे. शहरातले नाले तिच्याकडंच जातात. शहराच्या वरच्या अंगाला विष्णुपुरीचा जलाशय. तिथून नांदेड पाणी पितं. खालच्या अंगाला नदी पुढच्या गावांची होते. आपण जे सोडतो ते त्यांच्या घाटावर पोहोचतं.

लातूरची तहान मांजरा भागवते. धनेगावच्या धरणातून पाणी येतं. बीडच्या बालाघाटात उगम पावलेली ही नदी लातूर ओलांडते, कर्नाटकात जाते, तेलंगणात वळते, आणि फिरून नांदेडच्या सीमेला लागून कंदकुर्तीपाशी गोदावरीला मिळते.

दोन्ही शहरांचं पाणी शेवटी एकाच ठिकाणी येतं.

हे मनात राहू द्या. दोन नद्या. एक संगम.

आणि आता एक तारीख आठवा. १२ एप्रिल २०१६.

धनेगावचं धरण कोरडं पडलं आहे. लातुरात पाणवठ्यांवर जमावबंदी लागली आहे. त्या सकाळी मिरजेहून निघालेली रेल्वे लातूरला पोहोचते. १० टाक्या. ५ लाख लिटर पाणी. कृष्णेचं पाणी रुळांवरून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास येतं. पुढं कितीतरी आठवडे येत राहतं.

तुम्ही लातूरचे असाल तर ते दिवस तुमच्या अंगात आहेत. रात्री दोनला लावलेला नंबर. घागरींची रांग. टँकरच्या पाइपखाली धरलेलं भांडं. भांडी घासलेलं पाणी झाडाला, अंघोळीचं पाणी संडासाला.

तेव्हा एक तांब्या पाणी हातात घेऊन तुम्ही किती वेळ त्याकडं पाहिलं असेल.

तोच तांब्या आता मनात हातात घ्या. काठोकाठ भरलेला. गार.

त्याच्याशेजारी हा ट्रे.

दोन्हींकडं पहा. काही ठरवू नका. फक्त पहा.

•

धार थांबली आहे.

शेवटचा थेंब नळाच्या तोंडाशी लोंबतोय. त्याला पडू द्या. पडला. आता नळ बंद करा.

पुढचं काम हळू करायचं आहे. एकेक हालचाल पूर्ण होऊ द्या.

घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा कॅन घ्या. नवं कूलंट ज्यात आलं तोच रिकामा कॅन सगळ्यांत चांगला. त्याच्या तोंडात नरसाळं ठेवा.

ट्रे दोन्ही हातांनी उचला. वजन जाणवू द्या. त्याची कड नरसाळ्याला टेकवा. हळूच कलता करा.

पुन्हा धार. या वेळी ती तुमच्या हातातून जाते आहे.

कॅन गळ्यापर्यंत भरू नका. वर थोडी जागा असू द्या, उन्हात आतलं पाणी फुगतं.

झाकण लावा. फिरवा. आणखी फिरवा. घट्ट झालं ना, हातानं अनुभवा.

आता कॅनवर पट्टी चिकटवा आणि मोठ्या अक्षरांत लिहा: जुनं कूलंट. विषारी. पिऊ नये. खाली आजची तारीख. लिहिताना एकेका अक्षराकडं लक्ष द्या. हे अक्षर उद्या तुम्ही तिथं नसताना कुणाच्या तरी कामी येणार आहे. वाचता न येणाऱ्यासाठी एक कवटी आणि दोन हाडंही काढा.

कॅन सावलीत ठेवा, उंचावर, पोरांचा हात आणि जनावरांचं तोंड पोहोचणार नाही अशा जागी. जवळ बॅटरी नको, पेट्रोल नको.

तो तिथं महिनोन्‌महिने राहू शकतो. तुम्हाला घाई करायची गरज नाही.

•

जमिनीवर पहा. चार थेंब सांडलेत.

सांडतातच.

लाकडाचा भुसा टाका, नाहीतर कोरडी माती. ती ओल पिऊन घेईल. थोडा वेळ जाऊ द्या. मग केरसुणीनं गोळा करा, जाड पिशवीत भरा, तोंड बांधा, कॅनशेजारी ठेवा. जागेवर पाण्याची बादली ओतू नका. पाणी ओतलं की थेंब फक्त दूर जातात.

ट्रे फडक्यानं कोरडा पुसा. ते फडकंही त्याच पिशवीत.

मोजे काढा. साबणानं हात धुवा. बोटांच्या मध्ये, नखांच्या कडांना.

हातावरून जाणारं पाणी पहा. हेही कुठूनतरी आलं आहे.

कुत्रं उठलंय. अंग ताणतंय. जमीन हुंगतं, पुढं जातं. त्याला तिथं चाटण्यासारखं काही सापडलेलं नाही.

•

आता कॅनचं पुढं काय, हे पाहू या.

जुनं कूलंट गाळता येतं, ऊर्ध्वपातनानं त्यातलं ग्लायकॉल वेगळं करता येतं, गंजरोधक रसायनं पुन्हा घालता येतात. मग ते पुन्हा कुठल्यातरी इंजिनात फिरू लागतं. जे वापरण्याजोगं उरलं नसेल ते घातक कचरा म्हणून नष्ट करावं लागतं. राज्यात घातक कचऱ्याची मोठी केंद्रं तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशा ठिकाणी आहेत. नांदेड-लातूरपासून ही सगळी लांब आहेत.

लांब आहेत म्हणून एकट्यादुकट्याचा कॅन तिथं जात नाही. दहा गॅरेजचे, वीस गॅरेजचे कॅन एकत्र आले, एसटीच्या वर्कशॉपचे, साखर कारखान्याच्या ट्रॅक्टरांचे आले, तर गाडी भरते.

कायदा यात तुमच्या बाजूनं उभा आहे. १९७४ चा जल कायदा नदीत, विहिरीत, गटारात आणि जमिनीवर जाणूनबुजून विषारी पदार्थ सोडायला मनाई करतो. २०१६ चे घातक कचऱ्याचे नियम सांगतात की वर्कशॉपसारख्या ठिकाणी असा कचरा निघाला तर तो अधिकृत हातांतच द्यायचा. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांत घरगुती घातक कचरा गोळा करण्यासाठी केंद्र उभारायचं काम महापालिका-नगरपालिकांवर टाकलं होतं. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची कार्यालयं नांदेडलाही आहेत, लातूरलाही.

हे सगळं कागदावर आहे. त्याला चालायला पाय लागतात. ते तुमचे आहेत.

हे वाक्य ओझं म्हणून घेऊ नका. एक श्वास घ्या आणि पायांचे तळवे जाणवू द्या. जमिनीवर टेकलेले. खाली काळी माती, मुरूम, पाषाण, आणि पाषाणाच्या फटीत पाणी.

या सगळ्यावर तुम्ही उभे आहात.

•

आता थोडा वेळ काहीच करायचं नाही.

आपण एक धार पाहिली. ती इंजिनातून निघाली, ट्रेमध्ये पडली, कॅनमध्ये गेली, झाकणाखाली थांबली. मातीत गेली नाही. नालीत गेली नाही. कुणाच्या घशात गेली नाही.

एवढं घडायला पैसे लागले नाहीत. एक ट्रे, एक कॅन, मूठभर भुसा, आणि अर्धा तास लक्ष.

लक्ष हेच या कामातलं खरं साहित्य आहे. ते ढळलं तर चांगला कॅनही नालीत रिकामा होतो. ते टिकलं तर जुन्या डबड्यातही हे पाणी सुरक्षित राहतं.

शरीर जागं होऊ द्या. बोटं हलवा. खांदे सैल करा.

•

जाता जाता एक काम घेऊन जा.

बहुतेक जण कूलंट स्वतः काढत नाहीत. गाडी गॅरेजला लावतात, चहा पितात, बिल भरतात. तुम्हीही त्यांतले असाल. तर पुढच्या वेळी चहाला जाऊ नका. जीपशेजारी उभे राहा, आता मनात उभे होता तसे. धार पडते ती पहा. ट्रे कुठं रिकामा होतो ते पहा.

आणि मिस्त्रीला, त्याचा मान ठेवून, आवाज न चढवता विचारा: भाऊ, हे पुढं कुठं जातं?

उत्तर येईपर्यंत थांबा. थांबायचं कसं, ते आता तुम्हाला ठाऊक आहे.

कदाचित तो म्हणेल, कंपनीचा माणूस येऊन नेतो. मग पावती पाहायला मागा. कदाचित म्हणेल, मागं ओततो, सगळेच ओततात. त्याच्यावर रागावू नका. त्याला आजवर कुणी विचारलेलंच नाही. त्याच्याही घरी बोअर आहे, पोरं आहेत. काळ्या मातीच्या भेगेचं आत्ता पाहिलंत ते त्याला सांगा. रिकामा कॅन गाडीतून काढून द्या. तुमच्या गाडीचं त्यात भरून घ्या.

आणि तो भरलेला कॅन घेऊन तोच प्रश्न पुढच्या दारी विचारा: कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला, महापालिकेच्या कचरा विभागाला, प्रदूषण मंडळाच्या कार्यालयात. कॅनचं झाकण घट्ट आहे. तुम्हाला पुरेसा वेळ आहे. घेणारा हात मिळेपर्यंत विचारत राहा.